एअरबॅगच्या पेटीतला पाचवा खण

किल्लारीहून जर्मनीला निघालेली एअरबॅगची एक पेटी मंगळवारी सकाळी हैदराबादच्या विमानतळावर मालवाहतूक विभागाने अडवली. कागदावर चार नग लिहिले होते. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाच दिसले. पेटी बाजूला काढून ठेवण्यात आली आणि कागदांवर ज्याची सही होती त्याला, म्हणजे मला, लातूरला फोन करण्यात आला.

काळ सांगायचा तर लातुरात कोचिंग क्लासच्या जाहिरातीवाचून एकही भिंत उरली नव्हती तो. दिवाळी तोंडावर आली होती.

मी मुळात वार्ताहर. भूकंप झाला तेव्हा नांदेडच्या एका दैनिकासाठी लातूरहून बातम्या पाठवत होतो. त्या पहाटेनंतर अफवांना ऊत आला होता आणि आमचे संपादक फोनवर एकच प्रश्न विचारत: "तू पाहिलंस की ऐकलंस?" ऐकलेलं छापत नसत. पुढे त्या दैनिकाचं लातूर कार्यालय बंद झालं. मी एका मालवाहतूक एजंटाकडे नोकरीला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. बातमी आणि पार्सल यांत मला फार फरक वाटला नाही. आत काय आहे ते बाहेर खरं लिहायचं, एवढंच दोन्हीकडे काम.

आमचं दुकान एका कोचिंग क्लासच्या खाली होतं. धंदा बहुतेक वरच्या मजल्याच्या जिवावर चाले. नोट्सचे गठ्ठे, पोरांच्या लोखंडी ट्रंका, आयांनी पाठवलेले लाडू. विमानाने परदेशी जाणारा माल थोडा होता, पण मालकांना त्याची हौस होती. म्हणून त्यांनी मला धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाला हैदराबादला पाठवलं. ते प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्यासाठी परीक्षा असते. पन्नाशी उलटल्यावरही मी परीक्षेला बसतो हे कळल्यापासून वरची पोरं जिन्यात थांबून विचारत, "काका, किती पडले?" सांगितल्याशिवाय सोडत नसत.

एअरबॅग धोकादायक मालात मोडते, हे बहुतेकांना पटत नाही. नावात हवा आणि पिशवी आहे, मग धोका कसला? खरं तर अपघात होईपर्यंत तिच्यात हवा नसतेच. असतात तीन वस्तू. घडी घालून ठेवलेली कापडी पिशवी, वरचं प्लास्टिकचं झाकण, आणि पत्र्याची एक जाड डबी. या डबीत दाबून भरलेलं रसायन असतं. विजेची ठिणगी मिळाली की त्याचा डोळ्याचं पातं लवायच्या आत वायू होतो आणि पिशवी फुगते. नुसती पिशवी विमानाने साडीसारखी जाते. नुसतं झाकण बादलीसारखं जातं. डबी सोबत आली की मात्र सगळं बदलतं. पेटी चाचणी होऊन शिक्का मिळालेलीच लागते. आत वस्तू हलता कामा नये. रिकामी जागा राहता कामा नये. पेटीवर काळ्या पट्ट्यांचं, नऊ आकडा असलेलं चौकोनी लेबल लागतं. लाल रेघांच्या काठाचं घोषणापत्र लागतं आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेल्या माणसाची सही लागते. आणि जे लिहिलं आहे त्याखेरीज आत काहीही नको.

पहिल्यांदा अशी डबी दुकानात आली तेव्हा मी वरच्या मजल्यावरच्या माने सरांना विचारलं की आत नेमकं काय असावं. माने सर रसायनशास्त्र शिकवत. ते खाली आले आणि त्यांच्या मागे अख्खी बॅच आली. सरांनी पार्सल काउंटरवर उभं राहून जुन्या डब्यांमधल्या रसायनाचं समीकरण सांगितलं. एका मुलीने विचारलं, "सर, हे परीक्षेला येतं का?" सर म्हणाले, "येऊ शकतं." त्याबरोबर सगळ्यांनी वह्या काढल्या. तेवढा वेळ दुकानात दुसरं कुठलंही पार्सल स्वीकारता आलं नाही.

गिऱ्हाइकांमध्ये लोह्याचे गॅरेजवाले मारोतराव मला कायम आठवतात. नांदेडच्या आमच्या शाखेत मी काही महिने बसत होतो, तेव्हा ते आले. मस्कतला जावई होता. जावयाच्या जुन्या गाडीसाठी त्यांनी इथल्या एका मोडीत निघालेल्या गाडीतून एअरबॅग सोडवून आणली होती आणि मुलगी जाताना तिच्या बॅगेत द्यायची होती. ती त्यांनी नव्या चादरीत गुंडाळली होती.

मी म्हणालो, "प्रवाशाच्या सामानात ही नेता येत नाही."

"काहून? फुटबॉल नेत्यात की विमानात."

"फुटबॉलमधली हवा काढून नेतात."

"मग ह्यातली काडा."

मी रसायन, डबी, ठिणगी समजावून सांगितलं. मारोतरावांनी चादरीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि ती मांडीवरून उचलून माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "तसं न्हाई म्हणता, मग विमानात गाड्या जात्यात त्या कशा जात्यात? त्यांच्यात हायच की एअरबॅग."

गाडीत बसवलेली एअरबॅग वेगळा माल म्हणून जाहीर करावी लागत नाही. गाडीचे नियम वेगळे आहेत. मी हे त्यांना सांगितलं. आठवडाभराने ते परत आले. गाडीसकट पाठवायला काय काय लागेल, हे त्यांना हवं होतं. चादर त्यांनी टेबलावरून नेली नव्हती. ती एअरबॅग पुढे कंपनीच्या लोकांना बोलावून रीतसर निकामी करावी लागली.

किल्लारीच्या पेटीची गोष्ट मात्र एवढी हलकी नव्हती.

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात एका संस्थेने बायकांना शिवणकाम शिकवलं होतं. संस्था गेली, मशिनी राहिल्या. महानंदा अक्कांनी त्या मशिनी आणि त्या बायका एकत्र धरून ठेवल्या. अक्का मूळच्या निलंग्याकडच्या. बोलण्यात मराठी, कानडी आणि हुकूम सारख्या प्रमाणात. लातूरचे क्लास वाढले तशी त्यांना दप्तरांची कामं मिळू लागली. शहरात ज्या क्लासची दप्तरं पोरांच्या पाठीवर दिसत, त्यातली बरीचशी किल्लारीत शिवलेली असत. मग क्लासवाल्यांनी दप्तरं बाहेरून तयार मागवायला सुरुवात केली आणि मशिनी बंद पडू लागल्या.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका ओळखीतून जर्मनीतल्या एका कंपनीचं काम समोर आलं. एअरबॅगची कापडी पिशवी शिवायची. कंपनीने नमुन्यादाखल चार सांगाडे पाठवले, डबीसकट. बायकांनी पिशव्या शिवल्या. कंपनीचा इंजिनिअर आला, त्याने आपल्या हाताने पिशव्या घडी घालून बसवून दिल्या, सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि गेला. आता चारही नग कंपनीच्याच पेटीतून परत पाठवायचे होते. तिथे ते ठिणगी देऊन फोडून बघणार होते. फोडायचं यंत्र शुक्रवारी राखून ठेवलेलं होतं. पेटी त्याआधी पोहोचली नाही तर यंत्र दुसऱ्या देशातल्या एका कारखान्याच्या नमुन्यांना मिळणार आणि त्यासोबत काम. हे इंजिनिअरने अक्कांना सांगितलं होतं आणि अक्कांनी सगळ्या बायकांना. त्यामुळे पेटी बांधायला मी किल्लारीला गेलो तेव्हा एकही मशीन चालू नव्हती आणि सगळ्या बायका पेटीभोवती उभ्या होत्या.

माझ्यासोबत शकीलभाई होता. लातूरच्या गंजगोलाईत त्याच्या घराण्याचा पेट्या बांधण्याचा धंदा आजोबांच्या आधीपासूनचा. आमच्याकडचं सगळं पॅकिंग तोच करी आणि टेम्पोही त्याचाच. कंपनीच्या पेटीला आत पाच खण होते. चार खणांत चार नग. पाचवा खण घट्ट फोमच्या एका ठोकळ्याने बुजवलेला. मी नग तपासले, तारांच्या टोकांच्या टोप्या तपासल्या, ठोकळा दाबून पाहिला, लेबल लावलं. फक्त झाकणाला चिकटपट्टी मारायची राहिली होती. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "साहेब, दोन घास खाऊन घ्या. ताट वाढलंय."

"आधी पट्टी मारू द्या."

"शकीलभाई मारतेत की. धपाटी गार होऊलालीत."

मी जेवायला गेलो. धपाट्यांबरोबर शेंगदाण्याची चटणी होती. लाल, लसणाची, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. परत आलो तेव्हा पट्टी मारलेली होती. पेटी हैदराबादला रवाना झाली.

मंगळवारचा फोन हैदराबादच्या रेड्डीसाहेबांचा होता. माल स्वीकारण्याआधी तपासणारे ते अधिकारी. त्यांच्याकडे तपासणीची एक यादी असे आणि तिच्यातल्या एकाही प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं की माल परत, अशी त्यांची ख्याती होती. प्रशिक्षणात मी त्यांना चहाचा कप फिरवून तळाचा शिक्का वाचताना पाहिलं होतं.

"बिराजदार साब," ते म्हणाले, "कागज पे चार लिखे आप. मेरेकू पाँच दिख रहे."

"चारच आहेत, रेड्डीसाब."

"हौ, मगर पाँचवा भी गोल है, लोहे का है, अंदर भूसा भरा है. चार का जैसाच दिख रहा. ये पाँचवा कौन है?"

मी किल्लारीला फोन लावला. अक्का म्हणाल्या, "चारच हायती. म्या मोजल्यात."

"पेटीत दुसरं काही ठेवलं होतं का?"

"दुसरं काय न्हाई."

"काहीच नाही?"

"काहीच न्हाई वो. चटणी तेवढी हाय."

मी खुर्चीत बसलो. अक्का पलीकडून बोलत होत्या. "पाच खणांचा डबा, त्यात एक खण मोकळा. दिवाळीच्या तोंडावर असा डबा परत कोण पाठवतं? त्या पोरानं आमाला चाकलेटं दिली. स्टीलची डबी हाय, झाकण घट्ट हाय, तेल सांडायचं न्हाई."

"खण मोकळा नव्हता, अक्का. त्यात फोम होता."

"फोम कुणी खातं का?"

शकीलभाई समोरच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "साब, अक्का बोले, म्या काढलं. बिदागीचं सामान है, नक्को कैसा बोलनेका? रिवाज है ना अपना."

नियम असा की हैदराबादला कुणीही पेटी उघडणार नव्हतं. पाठवणाऱ्याच्या माणसांनीच येऊन उघडायची, पुन्हा बांधायची आणि पुन्हा तपासून घ्यायची. विमान संध्याकाळचं. त्यानंतरचं थेट शनिवारचं.

आम्ही शकीलभाईच्या टेम्पोतून निघालो. किल्लारीच्या फाट्यावर अक्का उभ्या होत्या. मी म्हणालो, तुम्ही येण्याची गरज नाही. "माजी चटणी हाय," अक्का म्हणाल्या आणि वर चढल्या. हातात दुसरी पिशवी होती. तीत काय आहे हे मी विचारलं नाही. शकीलभाई मला नेहमीपेक्षा जरा उंच बसलेला वाटला. मी त्याची दखल घेतली नाही.

विमानतळावर रेड्डीसाहेबांनी आम्हाला एका जाळीच्या खोलीत नेलं. पेटी टेबलावर होती. मी पट्टी काढली. पाचव्या खणात, नगांच्या शेजारी, अगदी त्यांच्याच आकाराची, स्टीलची डबी बसली होती. अक्कांनी त्या मापाची शोधूनच आणली असावी.

रेड्डीसाहेबांनी हात न लावता विचारलं, "इसमें क्या पदार्थ है?"

"चटणी," मी म्हणालो.

"वो तो आप बोल रहे. मैं कैसा लिखूँ?"

ते पुढे म्हणाले की अनोळखी भुकटी आहे, घटक लिहून द्या. मी कोरा कागद घेतला. अक्का सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. रेड्डीसाहेबांनी वाचलं आणि विचारलं, उष्णतेने भडकते का?

"तोंडात भडकती," अक्का म्हणाल्या.

मी हे भाषांतर केलं नाही. पण रेड्डीसाहेबांना समजलं असावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. अक्कांनी डबी उघडली, चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकली आणि डबी त्यांच्यापुढे धरली. कानडीत काहीतरी म्हणाल्या. रेड्डीसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, चिमूट घेतली आणि तोंडात टाकली. मग त्यांनी पाणी मागवलं. त्यानंतर यादीवर लिहिलं: पाचवी वस्तू, खाद्यपदार्थ, खात्री केली.

पण त्याने काम झालं नव्हतं. डबी बाहेर काढल्यावर पाचवा खण उघडा पडला. "इसका फोम किधर है?" रेड्डीसाहेबांनी विचारलं. पेटीची चाचणी त्या ठोकळ्यासकट झालेली होती. त्याच्याऐवजी कागदाचे बोळे चालणार नव्हते, कापूस चालणार नव्हता, बाजारातला दुसरा फोम चालणार नव्हता. तोच ठोकळा हवा होता. नसेल तर पेटी परत.

अक्कांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "शकीलभाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते फोम कुटं टाकलाव वो?"

शकीलभाई बाहेर गेला आणि टेम्पोच्या सीटवरून ठोकळा घेऊन आला. किल्लारीहून लातूर आणि लातूरहून हैदराबाद तो त्यावर बसून आला होता. "कमर को अच्छा है, साब," तो म्हणाला. "फेंकने का दिल नै हुआ."

ठोकळा खणात ठेवला. तो खणाच्या काठापर्यंत पोचत नव्हता. शकीलभाई तब्येतीने भरलेला माणूस होता.

रेड्डीसाहेबांनी मोजपट्टी लावून पाहिली आणि मान हलवली. वर फट राहत होती. फट म्हणजे रिकामी जागा. बाहेर माल स्वीकारण्याची वेळ संपत आली होती.

"थांबा," अक्का म्हणाल्या. "बसल्यावर गादी दबती, उठल्यावर वर येती. येऊ द्या की त्याला."

ठोकळा टेबलावर ठेवला आणि आम्ही चौघं त्याच्याभोवती उभे राहिलो. रेड्डीसाहेबांनी मोजपट्टी शेजारी उभी धरली. फोम हळूहळू वर येत होता. शकीलभाई पुटपुटत होता. अक्कांनी पदराने त्याला वारा घातला. मी विचारलं, वाऱ्याने काय होणार? त्या म्हणाल्या, "तुमी गप बसा, त्याला घाई करू नका." जाळीतून एका हमालाने डोकावून विचारलं की काय चाललं आहे. रेड्डीसाहेबांनी त्याला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं.

ठोकळा मोजपट्टीवरच्या खणाच्या उंचीच्या रेघेला टेकला. रेड्डीसाहेबांनी तो स्वतः उचलून खणात बसवला. वरून बोट फिरवलं. फट नव्हती. पेटी हलवली. काही हललं नाही. पुन्हा क्ष-किरण झाला. चार दिसले. पुन्हा वजन झालं. मी नव्या घोषणापत्रावर सही केली. पट्टी या वेळी मी स्वतः मारली.

चटणीची डबी टेबलावरच होती. मी ती अक्कांच्या हातात द्यायला गेलो. त्यांनी हात मागे घेतला. "दिलेलं परत नेत न्हाईत, साहेब."

"पेटीत जाणार नाही ती."

"मग दुसऱ्या पेटीत घाला."

त्यांच्या पिशवीतून एक रिकामं खोकं निघालं, आतून वर्तमानपत्र लावलेलं. त्या घरूनच तयारीने आल्या होत्या. रेड्डीसाहेबांनी खोकं उलटसुलट पाहिलं, यादी उघडली, सगळ्या प्रश्नांना 'हो' आलं. चटणी स्वतंत्र माल म्हणून, निर्बंध नाहीत अशा वर्गात, त्याच विमानात चढली. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की अशी डबी हैदराबादपर्यंत पाठवायला काय लागेल. मी सांगितलं, काहीच लागत नाही. अक्कांनी ते ऐकलं होतं. परतीच्या वाटेवर शकीलभाई पाठ दुखते म्हणून तीन वेळा थांबला.

पेटी गुरुवारी पोहोचल्याची नोंद आहे. शुक्रवारी चारही नग फोडण्यात आले. एकाही पिशवीची शिवण उसवली नाही. दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं आणि काम किल्लारीला मिळालं. मशिनी सुरू झाल्या. स्टीलची डबी वेगळ्या पाकिटातून परत आली. ती धुतलेली आणि रिकामी होती. अक्कांनी ती हलवून पाहिली, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्याकडं रीत नसंल."

महिन्याभराने नव्या नमुन्यांची पेटी कंपनीकडून आली. तिला चार खण होते.